हरवलेलं बाळ आणि छत्रीवाले

छत्रीवाल्यांनी केस कापून घ्यायचं ठरवलं आणि तिथंच सगळं फिसकटलं.

छत्रीवाले म्हणजे छत्र्या विकणारे नव्हेत. ते वीज ऑफिसातल्या तक्रार विभागात कारकून होते. जाईल त्या दुकानात छत्री विसरायची आणि संध्याकाळपर्यंत ती कुणीतरी घरी आणून द्यायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. म्हणून गल्लीनं हे नाव ठेवलं होतं. (खरं नाव फक्त बायकोला ठाऊक, आणि ती 'अहो' म्हणायची.)

नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. ज्यांच्या आईबापांवर वाईट वेळ आली आहे अशी पोरं, त्यांचं घर सावरेपर्यंत आपल्याकडे सांभाळायची, म्हणजे प्रतिपालक व्हायचं, असं दोघांनी मनावर घेतलं होतं. वर्ग झाले, डॉक्टरी तपासण्या झाल्या. आता गाडी दोन ठिकाणी अडली होती. अडीअडचणीला धावून येणारी माणसं दाखवा, असं मुलं सोपवणाऱ्या संस्थेच्या ताई म्हणत होत्या, आणि यांचं तर जवळचं कुणी उरलंच नव्हतं. दुसरी अडचण निळ्या टॉवेलात गुंडाळून सोफ्यावर निजली होती. ती खऱ्या बाळाच्या वजनाची, वाळू भरलेली बाहुली होती. शनिवार-रविवार ती सांभाळायची, क्षणभरही एकटी सोडायची नाही, आणि तिला बाहुली म्हणायचं नाही. बाळच म्हणायचं, म्हणजे मनाला सवय होते.

"दुपारी ड्यूटीवरून येतेच मी," बायको चपला घालत म्हणाली. "तोवर बाळाला कुठं ठेवून येऊ नका."

"अगं, मी काय लहान आहे?"

बायकोनं दार ओढून घेतलं. (लग्नाला वीस वर्षं झाली की बायका या प्रश्नाला उत्तर देत नाहीत.)

सोमवारी मुलाखत, तेव्हा जरा माणसात यावं म्हणून छत्रीवाले बाळाला घेऊन सलूनमध्ये गेले. बाळ दारालगतच्या बाकावर ठेवलं, केस कापून घेतले, आरशात स्वतःवर खूश झाले आणि शीळ घालत घरी आले. दुधाची वेळ झाली म्हणून बाटली हातात घेतली, तेव्हा प्रश्न पडला, पाजायचं कुणाला?

धापा टाकत सलून गाठलं. बाक रिकामा!

"आज छत्री नाही विसरलात," सलूनवाला मान वर न करता म्हणाला.

"छत्री नाही हो! बाळ! माझं बाळ!"

झालं. तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीतून उठून रस्त्यावर आलं. गळ्यात टेप अडकवलेले टेलरमास्तर मशीन तसंच सोडून धावले. भाजीवाल्या मावशींनी आपली हातगाडी गल्लीच्या तोंडाशी आडवी लावली. "एक माणूस बाहेर जाणार नाही!" त्या कडाडल्या.

"केवढं आहे पोर?" मास्तरांनी विचारलं.

"एवढंसं. निळ्या टॉवेलात."

"मग रडण्याचा आवाज तरी येईल!"

"रडत नाही हो ते. कधीच नाही."

"अरे देवा! आणि दूध?"

"बाटली लावतो तोंडाला, पण थेंब आत जात नाही."

मास्तरांनी डोळे पुसले. "अहो, पण ते खरं..." छत्रीवाले सांगू लागले. "कुणालाच खरं वाटणार नाही," सलूनवाल्यानं पाठीवर हात ठेवला, "पण धीर सोडू नका." आणि खोटं कशाला बोला, एव्हाना छत्रीवाल्यांचाही जीव खऱ्या बाळासाठी उडावा तसाच उडाला होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मावशींचा आवाज आला. "सापडली! पोरं पळवणारी सापडली!"

मावशींनी एका स्कूटरवालीची किल्ली काढून घेतली होती. तिच्या पिशवीतून एक इवलासा उघडा पाय बाहेर आला होता. छत्रीवाले गर्दीत घुसले, पाय हातात घेतला, तळवा नीट पाहिला.

"हे आमचं नाही," ते रडवेले झाले. "आमच्या बाळाच्या तळव्याला शाईचा डाग आहे." मग त्यांनी मान वर केली. समोर संस्थेच्या ताई! न सांगता पाहणीला निघाल्या होत्या, आणि पुढं दुसऱ्या जोडप्याला द्यायची बाहुली पिशवीत होती.

लपवालपवी सुचायला डोकं ठिकाणावर लागतं. "ताई, मी बाळ हरवलं," ते म्हणाले.

"हळू बोला रे!" बेकरीवाल्याची म्हातारी आई, जिला हातभरापलीकडचं दिसत नसे, दारात उभी राहून दटावत होती. कडेवर निळा टॉवेल. "आत्ता कुठं डोळा लागलाय पोराचा. बाकावर एकटं पडलं होतं, अंग गार. म्हणून भट्टीजवळ घेऊन बसले. गुणी आहे हो, हूं नाही की चूं नाही."

मास्तरांनी टॉवेल बाजूला केला. आत बाहुली!

"यासाठी मी अर्ध्या दाढीनं पळालो?" फेसवाला म्हणाला.

छत्रीवाल्यांनी हात जोडून सगळं सांगून टाकलं, अगदी आपलं कुणी नाही इथपर्यंत. तिथं मात्र मावशी खवळल्या.

"कुणी नाही? मग इतकी वर्षं तुमच्या छत्र्या काय भुतं आणून देतात?"

छत्रीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपली छत्री नशिबानं परत येते. ते नशीब समोर उभं होतं, कुणी पिठाच्या हातांनी, कुणी फेसाच्या तोंडानं.

"बाळ पुन्हा सांभाळून दाखवावं लागेल, सुरुवातीपासून," ताई म्हणाल्या. "पण चुकल्यावर लोक झाकतात. तुम्ही लाज सोडून गल्ली गोळा केलीत. आणि माणसांचं म्हणाल, तर मला दोनच हवी होती." (इथं त्यांनी मावशींकडून किल्ली मागून घेतली.)

पुढं दोघं पास झाले, आणि एक पाच वर्षांची चुणचुणीत मुलगी घरी आली. त्याच दिवशी टेलरमास्तर कागदात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. बायकोनं पुडी उघडली. आत कपडा होता आणि त्याच्या कॉलरला आतून घराचा पूर्ण पत्ता शिवलेला.

तिला गहिवरून आलं. "मास्तर, किती काळजी करता! पण हिला पत्ता तोंडपाठ आहे हो."

"म्हणून तर तिला फ्रॉक नंतर शिवणार आहे," मास्तर म्हणाले. "हा यांचा शर्ट आहे."