मुकुंदराव उभे राहतात

सोमवारी सकाळी मुकुंदराव दाखल्यांच्या खिडकीमागे खुर्चीवर बसले आणि लगेच उठून उभे राहिले. डाव्या कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून थेट अंगठ्यापर्यंत गेली होती. पुन्हा बसून पाहिलं, पुन्हा तेच. बावीस वर्षांत आजारपणाची एकही रजा न घेतलेल्या मुकुंदरावांनी खुर्ची भिंतीला सरकवली आणि उभ्यानेच काम सुरू केलं.

पहिल्या आल्या केम गावच्या रंभाबाई, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. त्यांनी मुकुंदरावांकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. मागे कोणी मोठा माणूस नव्हता.

"साहेब, माज्यासाटी उबं ऱ्हायलाव व्हय?"

पाय दुखतोय म्हणून सांगणं मुकुंदरावांच्या जिवावर आलं. "असू द्या मावशी. कागद द्या."

"चार खेपा झाल्या माज्या. कुनी मान वर करून बगितलं न्हाय." रंभाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

बाहेर जाऊन त्यांनी हे भेटेल त्याला सांगितलं. गुरुवारपर्यंत मुकुंदरावांची रांग फाटकाबाहेर गेली आणि शेजारच्या खिडकीत शिवप्पा माश्या मारत बसले. शुक्रवारी मोठे साहेब स्वतः आले. तोवर त्यांना मुकुंदरावांचं नावही ठाऊक नव्हतं. आता त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि आदेश काढला: समोर नागरिक उभा असेपर्यंत कर्मचाऱ्याने बसू नये.

"तुझ्या नम्रतेपायी माझे गुडघे गेले की रे," शिवप्पा म्हणाले.

मुकुंदरावांनी पुढचा कागद ओढला. खरं सांगायचं तर त्यांना ती शाबासकी सोडवत नव्हती.

रात्री ते ओट्याशी उभे राहून जेवत असताना पत्नी पद्मजाताईंनी विचारलं, "ऑफिसात नागरिक असतात, समजलं. घरात कोणासाठी उभे आहात?"

दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला डॉक्टर पूनमकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी त्यांना उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. निम्म्यातच मुकुंदराव कळवळले.

"सायटिका," डॉक्टर म्हणाल्या. "कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर दाब देतेय. दुखणं कमरेत, बोंब पायाची."

"ऑपरेशन करावं लागेल?"

"बहुतेकांना लागत नाही. थोडे दिवस गोळ्या, मग व्यायाम आणि चालणं. वाकून ओझं उचलू नका. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तडक दवाखाना गाठा. आणि दिवसभर उभं राहणं बंद. थोडं बसा, थोडं उठा."

"बसावंच लागेल?" मुकुंदरावांचा चेहरा पडला. असा पेशंट डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिला.

सोमवारी ते साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, मी नम्र वगैरे नाही. मला सायटिका आहे."

साहेबांनी पेपरवेट फिरवला. "आदेश वर कळवलाय हो. त्याचं कौतुकही झालंय. आता मागे कसा घेणार?"

"मागे नकोच घ्यायला. नागरिक उभा असेपर्यंतच बसायचं नाही ना? मग त्यालाच खुर्ची देऊ."

त्या दुपारी प्रत्येक खिडकीबाहेर खुर्ची आली. सर्वांत आधी शिवप्पांनी स्वतः ओढत नेली. लोक बसू लागले, बसून बोलू लागले, आणि चार खेपांची कामं एका खेपेत होऊ लागली. मुकुंदराव अर्धा तास बसत, पाच मिनिटं फेऱ्या मारत, सकाळी घरी व्यायाम करत. सहा आठवड्यांत कळ गेली.

मग एक दिवस वेळापूरचे येडूबाबा शिवप्पांच्या खिडकीशी आले आणि खुर्चीला धरून उभेच राहिले.

"बसा की बाबा," शिवप्पा म्हणाले.

"न्हाय बसवत. बसलं की कुल्ल्यापासनं अंगठ्यापातुर करंट मारतंय."

शिवप्पांनी उसासा सोडला आणि ते उठले. त्यांना पाहून सगळं ऑफिस उठलं. मुकुंदराव मात्र खिडकीबाहेर आले आणि त्यांनी बाबांचा दंड धरला.

"नस आहे ती, बाबा. दाखला घ्या, मग आपण डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो बरोबर."

"तुमाला कसं कळलं, साहेब?"

मुकुंदरावांनी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं, "मलाही सायटिका होती," आणि ते इतक्या अभिमानानं सांगितलं, की येडूबाबांनी त्यांना वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला.

"वाकू नका," मुकुंदराव म्हणाले.