पाचव्या पायरीवरचा सामना

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत मी सासऱ्यांच्या घरी फुटबॉलचे अठरा मोठे सामने ऐकले. पाहिले नव्हे, ऐकले. यंदा मात्र मी मनाशी ठरवलं, की निदान एक गोल या डोळ्यांनी बघायचाच. एवढीशी इच्छा! पण तिच्यापायी माझी जी शोभा झाली, ती तुम्हाला सांगतोच. (पाणी खात्यातल्या आमच्या ऑफिसात सगळ्यांना कळलंच आहे, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.)

आमच्या शहरात फुटबॉलचे दोन क्लब आहेत. हिरवे आणि तांबडे. मैदानं एकाच रस्त्यावर आणि वैर शंभर वर्षांचं. माझे सासरे निवृत्त पोस्टमास्तर आणि जन्माचे हिरवे. हे वैर कशावरून, असं मी त्यांना एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्यांनी आमचे गोलपोस्ट उसने नेले आणि परत केले नाहीत." सासऱ्यांच्या घराच्या बरोबर खाली सलून आहे आणि सलूनवाले काका कट्टर तांबडे. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "परत केले होते. यांनी मोजून घेतले नाहीत." आता मोजायचे किती, तर चार! तरीही सासरे केस कापायला दर महिन्याला त्यांच्याकडेच जातात. इतकं मन लावून भांडणारा दुसरा माणूस त्यांना कुठे मिळणार?

तर मी गॅलरीत कसा गेलो ते ऐका. लग्नानंतरच्या पहिल्याच सामन्याला मी उशिरा पोचलो. हिरवे दोन गोलांनी मागे होते, घरात सुतकी चेहरे. मी चपला काढतोय तोवर मला मागच्या गॅलरीतले कपडे काढायला पाठवलं. (नवा जावई असूनही! पुढचं सगळं मला तेव्हाच कळायला हवं होतं.) मी चिमटे काढत होतो आणि आत लागोपाठ तीन गोल झाले. सासरे धावत आले, मला कडकडून मिठी मारली आणि म्हणाले, "जावईबापू, आता इथून हलायचं नाही!"

ते आजतागायत. सामना सुरू झाला की मी गॅलरीत, मोबाईल सासूबाईंच्या डब्यात आणि दाराला आतून कडी. मधल्या काळात हिरवे सात वेळा हरले. त्याचं कारण मी नीट उभा नव्हतो.

यंदा प्रकरण गंभीर होतं. सासऱ्यांनी पैज लावली होती आणि तीही मिशीची. ही मिशी चाळीस वर्षांची, टोकं वर वळलेली. अख्खं पोस्ट तिच्या धाकात चालायचं. हिरवे हरले तर सलूनवाले काका ती साफ उतरवणार आणि तांबडे हरले तर सलूनचं तांबडं शटर हिरवं होणार. सासूबाईंना तर दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. "मी स्थळ पसंत केलं ते त्या मिशीकडे बघून," त्या म्हणाल्या. "ती गेल्यावर मी घरात बघायचं कुणाकडे?"

"अहो, यंदा तरी सरळ उभे राहा," बायकोनं कडी घालताना बजावलं. "बाबांच्या मिशीचा प्रश्न आहे."

"मी फक्त दारातून एकदा डोकावलो तर?"

"मग त्यांना तोंड तुम्हीच दाखवा," ती म्हणाली आणि खट्कन कडी लागली.

दुपारचे चार वाजले होते. अर्धा तास झाला, चहा संपला, गोल नाही. आतून नुसतं 'अरेरे' आणि 'आहा' ऐकू येत होतं. आता तुम्हीच सांगा, 'अरेरे' म्हणजे नेमकं काय झालं असेल? हा विचार डोकं पोखरायला लागला. गॅलरीतून मागच्या अंगणात लोखंडी जिना उतरतो आणि अंगणात सलूनची मागची खिडकी आहे. मी दबकत पाच पायऱ्या उतरलो, तर अंगणातल्या नळापाशी एक माणूस भिंतीकडे तोंड करून उभा!

"कोण आहे?" मी दरडावलं. (आवाज चिरकला, पण दरडावलं.)

"हळू बोला हो," तो न वळता म्हणाला. "मी जावई."

"कुणाचा?"

"सलूनवाल्यांचा. अकरा वर्षं झाली. एकदा नळावर हात धुवायला आलो आणि तांबड्यांनी गोल मारला."

मी म्हटलं, "मी वरचा जावई. नऊ वर्षं." आम्ही हात मिळवले. गृहस्थांचं चष्म्याचं दुकान होतं. सगळ्या गावाला दिसावं म्हणून झटणारा माणूस, पण त्यालाही कधी एक गोल दिसला नव्हता.

तेवढ्यात वरून आरोळी आली, "गोऽऽल!" सासऱ्यांचा आवाज! म्हणजे हिरव्यांचा गोल, आणि मी गॅलरीत नसताना!

"थांबा, हलू नका," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी खिशातून चष्म्याचे नंबर लिहायचं पॅड काढलं. "तुम्ही पाचव्या पायरीवर, मी नळापाशी. आता मी दोन पावलं डावीकडे सरकतो."

ते सरकले मात्र, सलूनमध्ये एकच जल्लोष झाला. तांबड्यांचा गोल! माझ्या अंगावर काटा आला. मी चौथ्या पायरीवर गेलो, काही नाही. पुन्हा पाचवीवर आलो, हिरव्यांचा गोल. चष्मेवाल्यांनी एका पायावर उभं राहून बघितलं, तांबड्यांचा गोल. एकदा कुणीच हललं नाही तरी वरून आरोळी आली, तेव्हा आमच्या शास्त्राला जरा धक्का बसला. पण त्याच क्षणी चष्मेवाल्यांना शिंक आली होती, हे त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केलं. थोड्या वेळानं तांबड्यांनीही आणखी एक मारला. तीन-तीन.

आणि वरून सासरे ओरडले, "पेनल्टी! आपल्याला पेनल्टी! शेवटचं मिनिट!"

मी पाचव्या पायरीवर राहायला हवं होतं. मला कळत होतं. पण राहवेना.

"पेनल्टी म्हणजे नक्की काय करतात हो?" मी विचारलं.

"मारणारा एकटाच असतो म्हणे. बाकी सगळे नुसते उभे राहून बघतात."

"सगळे?"

"सगळे. आपण दोघं सोडून."

पुढच्या क्षणी आम्ही दोघं एका पालथ्या बादलीवर चढून सलूनच्या खिडकीला लटकलो होतो. आत चौदा माना दिसल्या, सगळ्या उत्तम कापलेल्या. दोन मानांच्या फटीतून मला टीव्हीवरचं बोटभर हिरवं गवत दिसलं. आनंदानं मी टाचा उंचावल्या आणि बादली निसटली.

बादली, पत्र्याचं पिंप, मी आणि चष्मेवाले, या क्रमानं आवाज झाला. सलूनमधले चौदाच्या चौदा लोक मागे वळले. वर सासरे, सासूबाई आणि बायको गॅलरीत धावत आले. "जावईबापू, कुठे आहात तुम्ही!" आणि नेमकी त्याच क्षणी पेनल्टी मारली गेली. तांबड्यांच्या गोलकीपरनं हवेत आडवं होत चेंडू अडवला. असा झेल पन्नास वर्षांत कुणी पाहिला नाही, असं समालोचक ओरडत होता. आमच्या इमारतीत तर खरंच कुणी पाहिला नाही.

सलूनवाले काका वस्तरा घेऊन बाहेर आले. सासरे जिना उतरून आले.

"तुमच्या जावयामुळे माझा झेल बघायचा राहिला!" काका म्हणाले.

"तुमच्या जावयानं माझ्या जावयाला जागेवरून उठवलं!" सासरे म्हणाले.

"दोघंही तसलेच."

"अगदी बरोबर बोललात."

तीस वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. मला खरं तर भरून यायला हवं होतं.

"पण पैजेचं काय?" काका म्हणाले. "सामना बरोबरीत सुटला आणि मी तर सकाळपासून वस्तऱ्याला धार लावून ठेवलीय."

सासऱ्यांनी आपली मिशी कुरवाळली. मग सावकाश माझ्या मिशीकडे बघितलं. चष्मेवाल्यांना मिशीच नव्हती. मी केविलवाणा होऊन बायकोकडे पाहिलं. "अगं, काहीतरी बोल ना!"

"मला ती पहिल्यापासूनच आवडत नव्हती," ती म्हणाली.

मला खुर्चीत बसवलं. समोर टीव्ही होता आणि निवेदिका सांगत होती, की सहाच्या सहा गोल आणि ती पेनल्टी आता पुन्हा दाखवणार. माझा जीव सुपाएवढा झाला! मिशी गेली तर गेली, नऊ वर्षांचं सार्थक होणार होतं. सासरे, काका, चष्मेवाले, सगळे माझ्या खुर्चीभोवती जमले. चेंडू मैदानाच्या मध्यावर ठेवला गेला.

काकांनी माझ्या नाकाखाली फेस लावला. मग गालांवर लावला. हात मोकळा होता म्हणून थेट भुवयांपर्यंत लावला.

"डोळे मिटा जावईबुवा, झोंबेल."

"अहो, पण एक मिनिट..."

"बोलू नका, कापेल."

"काय मारलाय!" सासरे ओरडले. "अहाहा!" चष्मेवाले ओरडले. (विश्वासघातकी माणूस!) मग पेनल्टी आली, ती तर तीन वेळा दाखवली. तिन्ही वेळा माझ्या खांद्यावर कुणीतरी आनंदानं थाप मारली.

शेवटी गरम टॉवेल फिरला आणि मी डोळे उघडले. टीव्हीवर दाढीच्या साबणाची जाहिरात चालू होती.