इतिहासकार ट्रॉस्ट आणि नववा डाव

डॉक्टर एल्डन ट्रॉस्ट यांनी आपल्या पुस्तकाबद्दल सगळ्या हॅलबर्ग गावाला छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "हे पुस्तक कधीही जुनं होणार नाही!"

डॉक्टर दातांचे. गावातल्या अर्ध्या लोकांच्या दाढा त्यांनी उपटल्या, आणि दाढ हाती आली की दर वेळी "आउट!" असं ओरडले. दवाखाना बंद केल्यावर त्यांना दोनच उद्योग उरले. उन्हाळ्यात हॅलबर्ग हेरन्स या गावच्या संघाचे सामने पाहायचे, आणि हिवाळ्यात बेसबॉलची पुस्तकं वाचायची. अमेरिकेतल्या या आयोवात बेसबॉल सहा महिने खेळतात आणि उरलेले सहा महिने वाचतात, असं त्यांचं म्हणणं. वरच्या मजल्यावरची खोली त्या पुस्तकांनी इतकी भरली होती की तिथे झाडू मारायला जायचं तर लोरेटाबाईंना आडवं होऊन शिरावं लागे.

"एवढी पुस्तकं आहेत या खेळावर, त्यात तुझं आणखी एक कशाला?" लोरेटाबाईंनी विचारलं होतं.

"अगं, ही सगळी जिंकलेल्यांची पुस्तकं! न जिंकलेल्यांचं कुणी लिहिलंय का?"

डॉक्टरांच्या पुस्तकाचं नाव होतं 'एकदाही नाही! हॅलबर्ग हेरन्सची नो-हिटरविना शंभर वर्षं'. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, नऊच्या नऊ डाव समोरच्या संघाला एकसुद्धा हिट (फटका मारून बेस, म्हणजे पहिला टप्पा, गाठणं) मिळू द्यायची नाही, याला नो-हिटर म्हणतात. कुठल्याही गावाच्या नशिबी असा सामना कधी ना कधी येतोच. हॅलबर्गच्या नशिबी शंभर वर्षांत आला नव्हता. कितीतरी वेळा अगदी हातातोंडाशी येऊन निसटला होता, आणि त्या प्रत्येक निसटण्यावर डॉक्टरांनी एकेक प्रकरण लिहिलं होतं. पुस्तकाचं शेवटचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं आणि ते जेवताना म्हणूनही दाखवत: 'नजीकच्या भविष्यकाळात असा चमत्कार घडण्याची कोणतीही चिन्हे दिसत नाहीत.'

हे वाक्य रोज ऐकणारा आणखी एक माणूस त्या घरात होता. रामिरो पेगेरो, हेरन्सचा डॉमिनिकन पिचर. अशा छोट्या संघातल्या पोरांना गावातलीच कुटुंबं हंगामापुरती घरी ठेवून घेतात. रामिरोचा पलंग त्या पुस्तकांच्या खोलीतच टाकला होता. लोरेटाबाईंच्या पॅनकेकची त्याला अशी चटक लागली होती की आईला फोन लावला तरी तो तोंडात घास ठेवूनच बोले. इंग्रजी तो डॉक्टरांच्या पुस्तकांतून शिकला, त्यामुळे साधं मीठ मागतानासुद्धा जुन्या क्रीडासमीक्षकासारखा बोलायचा. डॉक्टरांना मूलबाळ नव्हतं. पोराचा त्यांना फार लळा लागला होता, आणि तो लपवण्यासाठी ते त्याला येताजाता रागवत.

प्रकाशन ठरलं जुलैतल्या एका रविवारी, दुपारच्या सामन्यात. दाराशी पुस्तकांचा गठ्ठा, त्यामागे लोरेटाबाई, आणि वर हातभर अक्षरांचा फलक: 'एकदाही नाही! नो-हिटरविना शंभर वर्षं!' सातव्या डावाच्या मध्यावर सगळं मैदान पाय मोकळे करायला उभं राहतं, तेव्हा निवेदक मर्ल होग माइकवरून पुस्तकाची घोषणा करणार आणि डॉक्टर खाली जाऊन सह्या करणार. तोवर डॉक्टर नेहमीप्रमाणे वर काचेच्या खोलीत, मर्लच्या शेजारी बसणार. कारण ते संघाचे अधिकृत गुणलेखक होते. फलंदाज बेसवर पोचला तर ती त्याची हिट धरायची की क्षेत्ररक्षकाची चूक, हा निवाडा त्यांचा. चूक ठरली, तर हिट मोजत नाहीत.

सामना सुरू झाला. पिचर रामिरो. पहिले डाव डॉक्टर सहीचाच सराव करत होते. पाचव्या डावात त्यांच्या लक्षात आलं की मर्ल गप्प आहे. मर्ल म्हणजे स्वतःच्या लग्नातसुद्धा पाद्रीबुवांना मध्येच थांबवून पाहुण्यांची नावं पुकारणारा माणूस!

"काय रे, पोट बिघडलं का?"

मर्लनं नुसती मान हलवली आणि हनुवटीनं समोरचा गुणफलक दाखवला. पाहुण्यांच्या हिट: शून्य.

डॉक्टर सहीचा सराव सोडून काचेशी गेले. खाली पाहिलं, तर बाकावर रामिरो एकटा बसलेला आणि बाकीचा संघ त्याच्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला अंग चोरून. हा नियम तान्ह्या पोरालाही ठाऊक असतो. असं काही जुळून येत असलं, की पिचरशी बोलायचं नाही, आणि तो शब्द तर मुळीच उच्चारायचा नाही. उच्चारला, की दृष्ट लागलीच!

आणि तो शब्द मैदानाच्या दारावर हातभर अक्षरांत लावलेला होता.

इतक्यात फोन वाजला. लोरेटाबाई.

"एल्डन! एकानं अख्खं खोकं घेतलं! उघडूनसुद्धा पाहिलं नाही!"

"मग? वाचतोय?"

"नाही. त्यावर बसलाय. आणि पाद्रीबुवा येऊन गेले. त्यांनी आपला कोट काढला आणि आपल्या फलकावर टाकला. मी म्हटलं, अहो, हे काय? तर बोटानं गप्प बसायची खूण! आता बायकाही येऊन शाली टाकतायत. एल्डन, कुणी गेलं का रे?"

"कुणी गेलं नाही गं!"

"मग झालंय तरी काय?"

"काहीच झालेलं नाही. तेच तर!"

"म्हणजे?"

"फोनवर सांगता येत नाही."

"तुला उन्हानं भोवळ आलीये. मी येते वर."

"नको! तू फक्त पुस्तकं पालथी घाल!"

सातव्या डावाचा मध्य आला. रामिरोनं अजूनही हिट दिली नव्हती. सगळं मैदान उभं राहिलं. डॉक्टरांनी घोषणेचा कागद मर्लपुढे सरकवला. मर्लनं तो विंचू असल्यासारखा पेनानं परत ढकलला.

"हे नाव मी माइकवर वाचू? उद्या गावात माझे केस तरी कापेल का कुणी?"

"अरे पण माझं प्रकाशन!"

"एल्डन, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

शेवटी मर्लनं माइक घेतला. "मंडळी, आपल्या डॉक्टर ट्रॉस्टनी एक पुस्तक लिहिलंय. नाव मी सांगणार नाही. विषय तुम्ही विचारू नका. दाराशी मिळतंय, पालथं ठेवलंय. सुलट करून पाहू नका. आभारी आहे!"

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पण शेकडो डोकी वळली आणि त्यांनी काचेआडच्या डॉक्टरांकडे असं पाहिलं, की दाढ उपटतानाही कुणी पाहिलं नव्हतं. आज पोरानं एक हिट दिली, की गाव म्हणणार, या दातवाल्याच्या पुस्तकाची नजर लागली. नाही दिली, तर शंभर वर्षांचा इतिहास तिसऱ्या प्रहरी रद्दी! इतके हिवाळे खपून लिहिलेलं पुस्तक, आणि ते प्रकाशनाच्या दिवशीच जुनं होणार. खाली ते पोर मात्र चेंडूमागून चेंडू टाकत होतं. डॉक्टर मनात म्हणाले, 'देवा, एकच हिट. छोटीशी.' आणि लगेच स्वतःचीच इतकी लाज वाटली की त्यांनी ते प्रार्थना म्हणून धरू नये अशी देवाला विनंती केली.

नववा डाव. हेरन्स एका धावेनं पुढे, पाहुण्यांचे दोन बाद; तिसरा बाद झाला की सामना संपला. लोरेटाबाई एव्हाना वर येऊन पोचल्या होत्या आणि समोरचा गुणफलक पाहून त्यांना एकदाचा सगळा उलगडा झाला होता. त्या जिन्यातच मट्कन बसल्या.

पुढचा चेंडू फलंदाजानं जमिनीलगत मारला. चेंडू सरळ कॉर्बिनकडे गेला, हेरन्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक. कॉर्बिन वाकला, चेंडू हातमोज्याला लागला, मोज्यातून उसळून त्याच्या बुटांवर पडला, आणि तो शोधेपर्यंत फलंदाज बेसवर!

हिट की चूक?

सगळं हॅलबर्ग वळून काचेकडे पाहू लागलं. रामिरोनंही पाहिलं. टोपीखालचं तोंड उन्हानं आणि भीतीनं काळवंडलेलं, त्या क्षणी अगदीच लहान दिसत होतं.

"बोल, एल्डन," मर्ल कुजबुजला. "हिट म्हणालास, तर लोक म्हणतील पुस्तकासाठी म्हणालास. चूक म्हणालास, तर म्हणतील घरातल्या पोरासाठी."

"मला कळतंय ते! गप्प बस!"

"मी आपलं सांगितलं."

डॉक्टरांनी डोळे मिटले. हिट म्हटलं, की पुस्तक वाचणार. शेवटचं वाक्य, सगळी प्रकरणं, सगळं जागच्या जागी. चेंडू थोडा उसळलाही होता, नाही का? त्यांनी स्वतःला पटवून पाहिलं. पटेना. पोराचं तोंड डोळ्यांपुढून हलेना, म्हणून त्यांनी तेही बाजूला सारलं. मग त्यांनी जिन्याकडे पाहिलं.

"लोरेटा, तो चेंडू तू पकडला असतास का?"

"एल्डन, तो मी एप्रनमध्ये पॅनकेक घेऊन पकडला असता."

"मी विचारतोय ते गंभीरपणे!"

"मीही गंभीरपणेच सांगतेय. आता त्या बिचाऱ्याला ताटकळत ठेवू नकोस."

डॉक्टर म्हणाले, "चूक. शॉर्टस्टॉपची."

गुणफलकावर चूक लागली, आणि मैदानातून असा आरडाओरडा उठला की पाहुण्यांच्या प्रशिक्षकानं हवेत घातलेल्या शिव्या कुणालाच ऐकू गेल्या नाहीत. कॉर्बिन तर दोन्ही हात वर करून नाचत होता. आपल्या नावावर चूक लागली म्हणून एवढा आनंद झालेला शॉर्टस्टॉप डॉक्टरांच्या साऱ्या पुस्तकांत सापडला नसता!

पुढच्या फलंदाजाचा चेंडू रामिरोच्या डोक्यावरून उंच गेला आणि अलगद मागच्या क्षेत्ररक्षकाच्या हातात पडला. संपलं. शंभर वर्षं संपली. सारा संघ रामिरोच्या अंगावर पडला. मर्ल माइकवर तो शब्द पुन्हा पुन्हा ओरडत होता, जणू इतका वेळ घशात अडकलेला काटा निघाला होता. लोरेटाबाई रडत होत्या. डॉक्टरही रडत होते, पण दोन्ही कारणांनी, आणि कुठलं कारण मोठं ते त्यांना सांगता आलं नसतं.

डोळे पुसून ते खाली आले, ते पुस्तकं परत गाडीत भरायला. पाहतात तर दाराशी ही रांग! फलकावरचे कोट आणि शाली कधीच निघाल्या होत्या. लोक पुस्तकावर तुटून पडले होते. खोक्यावर बसलेला गृहस्थ एकेक प्रत दुप्पट भावानं विकत होता. डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि चेहऱ्यावर लेखकाचं हसू आणून ते टेबलाजवळ उभे राहिले.

एक आजीबाई पुस्तक घेऊन पुढे आल्या.

"बरं झालं बाई, पेन मिळालं!" असं म्हणून त्यांनी ते डॉक्टरांच्या हातातून घेतलं आणि रांगेत पुढे दिलं.

रांग टेबलाच्या दिशेनं नव्हतीच. ती चालली होती आतल्या कुंपणाकडे. तिथे रामिरो, संघानं आनंदानं ओतलेलं पाणी केसांतून निथळत, लोकांनी पुढे केलेल्या पुस्तकांवर सह्या करत होता. सगळ्यांना सही एकाच ठिकाणी हवी होती: शेवटच्या पानावर, त्या शेवटच्या वाक्याच्या बरोब्बर खाली!

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. लोरेटाबाई बघत नव्हत्या. मग त्यांनी टेबलावरची एक प्रत हळूच उचलली आणि जाऊन रांगेच्या अगदी शेवटी उभे राहिले.

बऱ्याच वेळानं त्यांचा नंबर लागला. पोरगं दमून गेलं होतं. मान वर न करता त्यानं पुस्तक ओढलं, शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, "कुणाच्या नावानं लिहू, काका?"

"लेखकाच्या," डॉक्टर म्हणाले. "आणि जरा नीट अक्षरात लिही!"