क्रियापदाची खुर्ची

सोमवार, सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटं, नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागाची खिडकी क्रमांक तीन. एक एप्रिलपासून या खिडकीवर नागरिकांचे प्रश्न फक्त डच भाषेत घेतले जातात, आणि प्रत्येक शब्दासाठी एक माणूस प्रत्यक्ष रांगेत उभा असावा लागतो.

कासार गल्लीचा प्रश्न साधा होता: आज पाणी येतं का? डचमध्ये त्याचे चार शब्द होतात, आणि प्रश्न असेल तर क्रियापद सगळ्यांच्या पुढे लागतं. ते काम, म्हणजे 'कोम्ट' (येतं), निवृत्त तलाठी वामनराव हसबनीस यांच्याकडे होतं. त्यांच्या मागे 'हेट', म्हणजे 'वाटर'च्या आधी लागणारं उपपद, म्हणून ऐंशीच्या गोदूताई, 'वाटर' म्हणून त्यांची सून रंजना, आणि शेवटी 'फनदाख', म्हणजे आज, म्हणून इस्माईल टेलर.

गल्लीचा नळ नऊ दिवस कोरडा होता. वामनरावांची बायको अंथरुणाला खिळलेली. नऊ दिवसांत तिला अंघोळ नव्हती. त्यांची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेला 'वाटर' गैरहजर होतं, दुसऱ्या खेपेला कारकून.

"आज तरी घेतील ना, काका?" इस्माईलने विचारलं.

"हळू बोल. नवा प्रश्न धरतील."

खिडकीसमोर एकच खुर्ची असते, ती क्रियापदाची. दीड तासात गोदूताईंचे गुडघे बोलायला लागले. म्हातारी बाई मागे उभी आणि आपण बसलोय, असं वामनरावांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. ते उठले.

"ताई, बसा इथे."

"अहो, ती क्रियापदाची आहे ना?"

"बसा हो. मी कुठे पळून जातोय."

गोदूताई बसल्या. त्यांना धरायला रंजनाही पुढे सरकली. वामनराव दोघींच्या मागे उभे राहिले, आणि खिडकी उघडली.

कारकून सुतार यांनी रांग पुढून मागे वाचली, रजिस्टरात उतरवली, शिक्का मारला.

"पुढचे."

"उत्तर?" वामनराव म्हणाले.

"कशाचं? हेट वाटर कोम्ट फनदाख. आज पाणी येतं. काका, हे विधान झालं, प्रश्न नाही. चौघांनी येऊन सांगितलं, आम्ही नोंद घेतली. तक्रार निकाली."

"मी फक्त खुर्ची दिली त्यांना."

"चांगलं केलंत. त्यासाठी रकाना नाही."

"पाणी येत नाहीये हो."

"त्याला 'नाही' लागेल. पाचवा माणूस आणा."

जिना उतरताना इस्माईल म्हणाला, "नऊ दिवस न आलेलं पाणी तुम्ही उठताच आलं, काका." कोणी हसलं नाही. रंजनाने सासूला एकेक पायरी उतरवलं.

त्याच दुपारी कासार गल्लीसाठी निघालेला पहिला टँकर नाक्यावरून परत फिरवण्यात आला. पाणी येत असल्याची नोंद होती. वामनरावांनी पिण्याच्या पाण्यात फडकं भिजवून बायकोचं अंग पुसलं. 'नाही' व्हायला गल्लीत अजून कोणी तयार झालेलं नाही.

नळ कोरडा पडल्याचा आज सोळावा दिवस. टँकर परत फिरवण्याच्या हुकुमाखाली सही आहे, नाव नाही. सही कोणाची, हे अद्याप कोणी सांगितलेलं नाही.