आसेगावला जाणारं नाणं

पोळ्याचा दुसरा दिवस, सकाळी नवाचा सुमार. रक्कम रुपये दहा, एकच नाणं. हजर माणसं तीन: मी, माझी बायको सुनंदा आणि शेजारचे गुलाबराव कंडक्टर. गुलाबरावांनी ते नाणं आधी हुंगलं, मग कानाशी धरून नखानं वाजवलं, आणि सुनंदा "अहो, अहो" म्हणेपर्यंत जिभेच्या टोकाला लावलं.

"थोबाड बदललं!" ते म्हणाले. "पुन्हा बदललं! मुनीमजी, या सरकारले दुसरा धंदा नाई काय?"

नाणं किराणा दुकानातून सुट्ट्यात आलं होतं. मला ते दहाच्या इतर नाण्यांसारखंच दिसत होतं. गुलाबरावांनी दहाची नोट माझ्या हातात ठेवली, नाणं मुठीत धरलं आणि गेले. व्यवहार चोख होता. तरी मी नोट उजेडात धरून पाहिली. मी शेलूबाजारात अडत दुकानाचे हिशेब लिहितो. दहाच्या बदल्यात दहा देताना कोणाचा चेहरा असा उजळलेला मी पाहिलेला नाही.

गुलाबराव एसटीतून निवृत्त झाले तेव्हा तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा, एवढं घरी घेऊन आले. चिमटा राग आला की वाजवायचा. पेटीत, जिथे पूर्वी तिकिटांच्या गड्ड्या असत, त्या खणांत आता नाणी. प्रत्येक छापाला एक खण. खण केव्हाच संपले. मग साबणाच्या डब्या आल्या, त्या संपल्यावर सुनंदाकडून मसाल्याचा जुना डबा नेला.

"पहिले रुपया म्हणजे रुपया होता," ते चिमटा वाजवत सांगत. "आता कणसं आली, कणसं गेली. बोटं आली, बोटं गेली. दहावर कोठी दहा रेषा, कोठी पंधरा. सूनबाई एवढ्या साड्या नाई बदलत! जमवणाऱ्यानं जेवाव कधी?"

आमच्याकडे दहाचं नाणं बरेच दुकानदार घेत नाहीत. "चालत नाई," म्हणून परत करतात. म्हणून लोक निवाड्याला गुलाबरावांकडे येतात. त्यांचा निवाडा ठरलेला असतो: हुंगणं, वाजवणं, चाटणं आणि "खोट दिसते." आणि मग ते खोट असलेलं नाणं स्वतः नोट देऊन ठेवून घेतात. माझी पहिली शंका इथली. खोटं नाणं खरी नोट देऊन कोण घेतो?

दुसरी शंका जास्त गंभीर होती. नवा छाप हाती आला की गुलाबराव तसलंच दुसरं नाणं मिळवत, तिकिटाएवढ्या कागदात गुंडाळत आणि आसेगावकडे जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती देत. नाव नाही, निरोप नाही. आठ-पंधरा दिवसांनी तोच जीपवाला तसलीच पुडी परत आणी. मी ओट्यावरून पाहत असे. गेले पाच, आला एक. गेले दहा, आले दोन. मनात आकडे जुळवून पाहिले, काही जुळेना. मटक्याचा धंदा असावा, असं मी सुनंदाला सांगितलं.

"चाटून मटका लावतात होय?" ती म्हणाली.

शेवटी मी सरळच विचारलं. गुलाबराव चिमटा दोनदा वाजवून म्हणाले, "सुखदेव डायवरले पाठवतो. आमी बोलत नाई."

हकिगत अशी. गुलाबराव कंडक्टर आणि सुखदेव ड्रायव्हर, दोघं कित्येक वर्षं रिसोडच्या गाडीवर होते. डबा एक, बिडीबंडल एक. दोनाच्या नाण्यावर दोन बोटांचा छाप नवा आला, त्या दिवसांत एका म्हातारीनं ते नाणं दिलं. गुलाबरावांनी तसलं कधी पाहिलं नव्हतं. "सरकार कायले बोटं दाखवन?" असं म्हणून त्यांनी म्हातारीला उतरायला सांगितलं आणि गाडी सोडायच्या दोन घंट्या मारल्या. गाडी हलली नाही. पुन्हा दोन मारल्या. सुखदेव गाडी बंद करून खाली उतरले, म्हातारीचा हात धरून तिला वर आणलं आणि भरल्या गाडीत म्हणाले, "नाणं खरं हाये. तुलेच वयखू येत नाई."

नाणं खरंच निघालं. पुढे निवृत्तीपर्यंत दोघं त्याच गाडीवर होते, पण बोलणं फक्त घंटीचं. एक वाजली की थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. दुसऱ्याच आठवड्यात गुलाबरावांनी नाणी जमवायला सुरुवात केली. पुन्हा कोणी असं म्हणू नये, म्हणून.

"मंग मी त्याले दाखवतो, मले पहिले भेटलं म्हणून. अन् तो मले त्याचं पाठवते. लय खोडीचा हाये तो!" असं म्हणून त्यांनी सुखदेवकडून आलेला रुपया भिंगाखाली धरला. "आता यात काय बदललं, सांगा बरं? आठ दिवस झाले, पाहून राह्यलो. रात्री उठून पायतो. सुखदेव सादा रुपया पाठवणार नाई. साल पाहा. सालाखालची खूण पाहा."

मी पाहिलं. तो साधा, घासलेला रुपया होता. तसं सांगितलं तर म्हणाले, "तुमाले वयखू येत नाई, मुनीमजी."

तसलंच दुसरं मिळालं ते पेटीत राहिलं आणि आमच्या घरातलं ते दहाचं नाणं पोळ्यानंतर आसेगावला गेलं. दसरा गेला, परत पुडी आली नाही. जीपचा हॉर्न वाजला की गुलाबराव फाटकाशी येत, जीपवाला मान हलवी. पुडी दिली का, असं त्यांनी तीनदा विचारलं. "घरात देल्ली ना, काका," तो म्हणे. दिवाळीच्या आधी वीसच्या नाण्यावरून कोणीतरी वाद आणला, तर गुलाबरावांनी ते हुंगलंसुद्धा नाही. "चालते," म्हणाले. चिमटा वाजणं बंद झालं.

मग एकदा ओट्यावर बसून, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "तुमचं आसेगावले काई काम नाई काय? सोयाबीनची वसुली वगैरे?"

माझं काहीही काम नव्हतं. सुनंदा आतून म्हणाली, "त्यांना घेऊन जा. आणि शंका घरी ठेवा."

"मी जीपतच बसतो," गुलाबराव म्हणाले. "तुमी फक्त हाये का पाहून या."

हाये का. काय पाहून यायचं होतं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आसेगावला जीप थांबली आणि जीपमध्येच बसणारे गुलाबराव माझ्याआधी उतरले.

सुखदेव अंगणात लोखंडी खाटेवर बसून चहा पीत होते. मी "जय भीम" म्हटलं. त्यांनी मला "जय भीम" म्हटलं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहिले.

"नाणं काहून नाई पाठवलं बे?" गुलाबराव फाटकातूनच ओरडले.

"कोठून पाठवू? घरात चिल्लर हाये कोठी! दूध फोनवर, किराणा फोनवर. नातू म्हणते, आबा, चिल्लर मांगू नका, लोक हासतात."

"अन् आतापर्यंत जे पाठवलं ते?"

"जे खिशात निघे ते पाठवो."

"त्यात काई बदल नोयता?"

"कायचा बदल? तुयं पोचलं, मी हाये. एवढंच."

भिंगाखाली घालवलेल्या रात्रींचा हिशेब गुलाबराव करत असावेत. मग म्हणाले, "मंग मी पाठवलेले कोठी हायेत?"

"तमाखूत गेले, लेका. अखीन कोठी जाईन?"

मला वाटलं, आता पुन्हा कित्येक वर्षांचा अबोला. पण सुखदेवनी उशीखालून आमचं ते दहाचं नाणं काढलं. "हे तेवढं चाललं नाई. दुकानवाला घेतच नाई."

गुलाबरावांनी ते हुंगलं नाही, वाजवलं नाही. नुसतं उलटंपालटं केलं. "पहिल्यासारखंच दिसते बे," ते म्हणाले. "मलेच काईतरी वाटलं."

बाहेर परतीच्या जीपनं हॉर्न दिला. सुखदेवनी गुलाबरावांकडे पाहिलं आणि हातातल्या चमच्यानं खाटेची लोखंडी कड वाजवली. टण, टण. दोन घंट्या.

गुलाबराव हलले नाहीत. सुखदेवनी पुन्हा दोन मारल्या. गुलाबराव चपला काढून खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "त्यायले जाऊ दे. त्यायचे हिशेब राह्यले असतीन."

शेवटी दिले ते असे: रुपये पन्नास, जीपवाल्याला, परतीचं भाडं, एका माणसाचं. मी दिले, रोख.