अकराच्या अकरा फायली

संगणकाच्या बाबतीत जयपुरात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी स्वतः अनेकदा सांगितलेलं आहे! विमा कंपनीत मी नुसता खाकरलो तरी प्रिंटर घाबरून दोन कागद जास्त ओकायचा. विद्याधर नगरातल्या आपल्या मराठी मंडळाचा संगणकप्रमुखही वीस वर्षं मीच.

आणि मग आला गंधार. वय सव्वीस, आयटीत नोकरी, दाढी संगमरवरात कोरल्यासारखी!

"काका, सर्व्हरवर सगळ्या सेवांसाठी एकच म्हातारा द्वारपाल-प्रोग्राम बसलाय," तो बैठकीत म्हणाला. "नव्या व्यवस्थेत प्रत्येक सेवेला दोन फायली लागतात. एक दाराला कान लावणारी, एक काम करणारी. जुन्या अकरापैकी पाच बदलल्या की झालं. रविवारी करतो."

'म्हातारा' म्हणताना तो माझ्याकडे बघत होता!

अध्यक्ष उमाकांत तर विरघळलाच. "वा! जमलं तर यंदापासून संगणकप्रमुख तूच!"

घरी आलो तर बायकोनं, जयंतीनं, गंधारसाठी घेवराची मिठाई आणून ठेवलेली. मला दुधीची भाजी.

"गुणी पोरगा आहे हो," ती म्हणाली.

पोटात असा भडका उडाला की त्यावर अख्ख्या जौहरी बाजाराचा चहा उकळला असता!

"पाच करणार म्हणे! मी अकराच्या अकरा करीन. आणि शनिवारीच!"

केल्या! शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत बसून बावीस फायली लिहिल्या आणि सगळ्या सेवा चालू केल्या. संगणक उठून मुजराच करणार होता, पण वायर आखूड पडली.

रविवारी सकाळी उमाकांतच्या नंबरवरून फोन. आवाज मात्र त्याच्या बायकोचा, नीलिमाचा.

"काका, विनया म्हणजे आपली ग्रंथपालच ना?"

"हो. का गं?"

"मंडळाकडून यांना मेल आलंय. 'आपणांस अनुरूप स्थळ, चि. सौ. कां. विनया. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळतात.' आमचे किती जुळले होते, माहितीये? अठरा!"

मागून उमाकांत कळवळला, "अगं, आपली मुलगी बारावीत आहे!"

"तुम्ही बोलूच नका! एकतीस!"

दहा वाजेपर्यंत त्रेचाळीस विवाहित सभासदांना स्थळं आली. कानोत्याला सहलीला निघालेल्या बसमध्ये नवरे एका बाजूला आणि बायका दुसऱ्या बाजूला बसल्या!

गंधार धावत आला. पडद्याकडे बघून त्यानं डोक्याला हात लावला.

"काका, मतलब... बंद ठेवलेल्या सहापण चालू केल्यात? ही जुनी वधू-वर सेवा आहे. मंडळाच्या ऑफिसातला दुसरा संगणक रोज सकाळी सवयीनं तिचं दार वाजवतो. इतकी वर्षं कोणी उघडत नव्हतं. काल तुम्ही उघडलंत! जुन्या फायलीत स्पष्ट लिहिलं होतं, ही सेवा बंद ठेवावी."

"कोणी लिहिलं होतं?"

"खाली तुमचंच नाव आहे."

त्यानं दोन मिनिटांत सगळं मिटवलं. संध्याकाळी तातडीची बैठक भरली आणि सांगायला अभिमान वाटतो, संगणकप्रमुख मीच राहिलो! नीलिमानंच हट्ट धरला. पुन्हा असं काही झालं तर कोणाला झापायचं, हे आधीच ठरलेलं बरं, म्हणाली.

गंधारच्या वाट्याला काय आलं? नुसता पासवर्ड! नवा आहे म्हणे. मला कोणी सांगितलेला नाही.