मोटेला जुंपलेली मोटार

जावयाला ठेसनावरून मोटारीत बसवून आणीन, नाहीतर तातेराव नाव लावणार नाही, असं तातेरावांनी शिरड शहापुरात ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं. ज्यानं विचारलं नव्हतं, त्याला तर दोनदा!

कारणही तसंच होतं. दिवाळसणाला जावई बैलगाडीतून आले. गाडीतून उतरतानाच त्यांचं तोंड आंबट झालेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मनकर्णेला घेऊन चालते झाले. लेक माहेरी धड राहिलीसुद्धा नाही म्हणून तिची आई, द्वारकाबाई, पदर तोंडाला लावून रडल्या. गाडीच्या हादऱ्यांनी जावई रुसले, असं तातेरावांनी ठरवून टाकलं. आता धोंड्याचा महिना आला होता. जावयाला वाण द्यायचं आणि लेकीला महिनाभर ठेवून घ्यायचं, तर मोटार हवीच. म्हणून त्यांनी नांदेडहून एक जुनी मोटार आणली आणि मळ्यात विहिरीजवळ चिंचेखाली उभी केली.

मोटार चालायची, पण आता वळायची नाही. उभ्या उभ्या स्टेअरिंग गच्च बसलं होतं. मिस्त्री बोलवा, असं द्वारकाबाई म्हणाल्या. बैलगाडीची चाकं काढण्यात माझा जन्म गेला, हे एवढंसं चाक काढून आत तेल सोडायला मला काय जड, असं म्हणून तातेरावांनी बाह्या सारल्या.

जावई यायच्या दिवशी सकाळपासून त्यांनी स्टेअरिंगच्या चाकाला करडीचं तेल पाजलं, खालून लाकडी मोगरीनं ठोकलं, दोन्ही पाय टेकवून वर ओढलं. चाक हूं की चूं करीना. भोंग्याच्या बटणाखाली एक जाडजूड नट असतो आणि तो काढल्याशिवाय ते चाक सुटत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. दुपार कलली तेव्हा त्यांची नजर मोटेवर गेली.

त्यांनी मोटारीचा टप मागे पाडला, ती ढकलत थेट विहिरीच्या काठाशी नेली, विहिरीवरच्या कप्पीवरून आलेला मोटेचा जाड दोर, नाडा, स्टेअरिंगच्या चाकाला बांधला आणि सटवाजी सालगड्याला बैल हाकायला सांगितलं.

"मालक, चाक न्हाई निघालं तं?" सटवाजीनं विचारलं.

"निघत न्हाई म्हंजे? तू हाक."

बैल उतरत्या धावेवरून खाली निघाले. चाक निघालं नाही, मोटारच निघाली! तिचं तोंड वर उचललं गेलं आणि पुढची चाकं अधांतरी विहिरीवर आली. मोटेच्या बैलांना जन्मात एकच धडा मिळालेला: धावेच्या टोकाला पोचलं की मागे सरायचं. सटवाजी ओरडत राहिला, बैल शहाण्यासारखे मागे सरले, आणि मोटारीनं विहिरीत तोंड घातलं.

मागची चाकं काठाच्या दगडाला अडली आणि पुढून नाड्यानं तोलून धरलं, म्हणून ती तशीच लोंबकळली. बैल सोडावेत तर मोटार पाण्यात. न सोडावेत तर ठेसनावर जायला गाडी नाही, कारण गाडीचे बैलही हेच. शेजारच्या माणिकरावांचे बैल मागता आले असते, पण बैलांचे दिवस आता संपले, असं त्यांना कालच ऐकवून झालं होतं. तातेराव कासरे धरून उभे राहिले. रेल्वेची वेळ टळून गेली.

दिवस मावळताना अल्लाबक्षचा टांगा मळ्याच्या वाटेवर थांबला. आत जावई आणि मनकर्णा. जावयांनी मोटारीकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तातेरावांना झालं. त्यांनी कासरे आणखी घट्ट धरले. जावयांनी मुकाट्यानं कोट काढून टांग्यात ठेवला. अल्लाबक्षनं आपला घोडा मोटारीला मागून बांधला, सटवाजीनं बैल पुन्हा धावेवर घातले, आणि कशीबशी मोटार बाहेर आली.

रात्रीच्या पंगतीत तातेराव मान खाली घालून पुरणाचे धोंडे गिळत होते. लाजेनं त्यांना घास गोड लागेना, एक शब्द बोलवेना. जावयांनी मात्र दोनदा तूप मागून घेतलं आणि हात धुताना द्वारकाबाईंना आपणहून सांगितलं, की मनकर्णेला महिनाभर राहू द्या.

तातेरावांच्या जिवात जीव आला. लेकीला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "पाह्य, मोटार बुडता बुडता का होईना, कामी आली. पाव्हण्याचा रुसवा काढला तिनं."

मनकर्णेनं पदराआड हसू दाबलं. "मोटारीचं काय घेऊन बसले, बाबा? दिवाळीला ठेसनापासून घरापस्तोर तुमी एकसारखे बोलून राहिले होते. त्याची त्यांना लई तकलीफ झाली. आज तुमी गप होते, म्हणून बरं वाटलं त्यांना."

"मंग तू तवाच काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी मधी थांबले असते, तं सांगितलं असतं."

तातेरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. याला त्यांच्याजवळ चांगलं लांबलचक उत्तर होतं. पण ओसरीवर जावई पान खात बसलेले दिसले, आणि त्यांनी उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं.